मोटरीचं पाणी

आमच्या घरी माणसाच्या दुखण्यापेक्षा मोटरीचं दुखणं मोठं असे. आम्हा भावंडांपैकी कुणाला ताप आला तर माय काढा उकळून पाजायची आणि आपल्या कामाला लागायची. पण मोटर खोकली की भाऊ जेवत नसत, भाऊ जेवत नाहीत म्हणून माय जेवत नसे, आणि आम्ही पोरं चुलीपाशी बसून भाताचं भांडं निवताना बघत असू. भाऊ म्हणजे माझे वडील. सारं चामोर्शी त्यांना भाऊ म्हणे, म्हणून आम्हीही भाऊच म्हणत आलो. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लिलावात निघालेली एक जुनी मोटर त्यांनी घेतली होती. तिच्यावर सुताराकडून सागाच्या फळ्यांचा डबा ठोकून घेतला आणि चामोर्शीहून गडचिरोली, मूल करत ती चांद्यापर्यंत उतारू नेऊ लागली. आता त्या गावाला चंद्रपूर म्हणतात. माझ्या तोंडात चांदाच बसलंय आणि या वयात तोंड बदलायची माझी इच्छा नाही.

सकाळ व्हायची ती भाऊंच्या हँडलाच्या आवाजानं. पुढून हँडल फिरवलं की मोटर आधी नुसती कण्हायची, मग एकदम अंगात आल्यासारखी थरथरायची आणि परसातल्या कोंबड्या कुंपणावर उडायच्या. मागच्या अंगणात मायचं उखळ चालू असे. लाखोळीच्या डाळीचं वरण, तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी असलं काही फडक्यात बांधून ती भाऊंच्या हाती द्यायची. मी घरी असले की मोटरीला पाणी पाजायचं काम माझ्याकडे असे. पुढच्या जाळीमागे रेडिएटर, त्याचं पितळी झाकण उघडायचं, फडकं लावून गाळून पाणी ओतायचं, काठोकाठ आलं की झाकण लावायचं. मला ते काम आवडे. पाणी आत जाताना जो घुटघुट आवाज होई, त्यावरून किती उणं आहे ते मी न बघता सांगत असे. त्यामुळे पाणी जास्त लागायला लागलं हे घरात सगळ्यांच्या आधी माझ्या ध्यानात आलं. एरवी एका गडव्यात, म्हणजे तांब्याभर पाण्यात, भागायचं, तिथे अर्धी घागर जाऊ लागली.

ते दिवस माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेचे होते. गडचिरोलीला आत्याकडे राहून मी तिथवर शिकले होते आणि अभ्यासाच्या सुट्टीत घरी आले होते. आमच्या ओळखीपाळखीत तिथवर पोचलेली दुसरी पोरगी नव्हती. मास्तरीण व्हायचं हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. खुर्ची, टेबल, हातात खडू, सगळं. पण वरोऱ्याचं एक स्थळ सांगून आलेलं होतं. मुलगा तिथल्या कापसाच्या जिनात कारकून होता. माय म्हणे पोरीचं वय चाललं, भाऊ म्हणत परीक्षा होऊ दे. शेवटी दोघांचा तोडगा निघाला. मी एकदाच परीक्षेला बसायचं. पास झाले तर स्थळाला नाही म्हणायचं आणि चांद्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं. नाही झाले तर बोहल्यावर चढायचं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मीही तोडगा मनातल्या मनात मान्य केला होता, कारण नापास होईन असं मला एकदाही वाटलं नव्हतं. परीक्षा चांद्याला होती आणि न्यायचं आमच्याच मोटरीनं, हे तर बोलायचीही गरज नव्हती.

पाणी जातं कुठे, याचा शोध भाऊंनी सुरू केला. फेरीवरून आले की बॉनेट उचलून ते रबरी नळ्यांवरून हात फिरवत, हात नाकाशी नेत, पुन्हा फिरवत. एक नळी चिरली होती तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. पाणी जातच राहिलं. मग त्यांनी चुलीतली राख चाळून मोटरीखाली अंगणभर पसरली. राखेवर जिथे थेंब पडेल त्याच्या वर भोक असणार. सकाळी आम्ही दोघं गुडघ्यावर बसून बघतो तर राख कोरडी, तिच्यावर कोंबडीच्या पायांचे ठसे तेवढे. "पानी जाऊन राह्यलं अन् खाली पडून नाई राह्यलं, मंग जाऊन कुठी राह्यलं?" असं भाऊ मोटरीलाच विचारू लागले.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर उतरवून तो गुरांच्या दगडी डोणीत बुडवला. खालच्या तोंडाला लाकडाचा बुच्चा ठोकला, वरच्या तोंडाला नळी लावून भाऊ गाल फुगवून फुंकू लागले आणि मी डोणीवर वाकून बुडबुडे शोधू लागले. डाव्या कोपऱ्यातून बारीक माळ वर आली. मी बोट ठेवलं तशी थांबली, काढलं तशी पुन्हा आली. भाऊ इतके खूश झाले की माझ्या पाठीत धपाटा घातला. करीमचाचा कल्हईवाले बोलावले. त्यांनी शेगडीवर डाख द्यायची खारी तापवली, नवसागराचा धूर अंगणभर झाला, आम्ही सगळे ठसकलो, आणि कथलाचा चकचकीत थेंब त्या कोपऱ्यात बसला. त्या दिवशी भाऊ पोटभर जेवले. माझा नातू मागे सांगत होता की त्याच्या गाडीत पाणी कमी झालं तर समोर लाल दिवा लागतो, आणि आत पाणी नाही, हिरवं औषध घालतात. मी म्हटलं, बरं आहे बाबा तुझं. आमचा लाल दिवा म्हणजे भाऊंचं तोंड.

दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीवरून मोटर आली आणि मी पाणी ओतायला गेले तर पुन्हा अर्धी घागर गेली. मी भाऊंना सांगितलं. त्यांनी मोटर निवू दिली, मग पंख्याचा पट्टा काढून ठेवला, रेडिएटर काठोकाठ भरायला लावला आणि झाकण उघडंच ठेवून हँडल मारलं. "आत पाह्य," म्हणाले. मी पाहिलं. थंड पाणी, नुकतं मीच विहिरीतून काढून ओतलेलं, आणि त्यातून भाताच्या आधणासारखे बुडबुडे वर येत होते. तापायच्या आधीच आधण. सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघत होती. भाऊंनी तिथे पितळी ताटली धरली, तिच्यावर थेंब जमले. त्यांनी इंजिन बंद केलं आणि पायदानावर बसले.

"गॅस्केट गेलं, वच्छे," ते म्हणाले. इंजिनाच्या वरच्या झाकणाला हेड म्हणतात. ते झाकण आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक पातळ थर असतो. एका बाजूला पाणी, एका बाजूला जाळ, आणि मध्ये तेवढा पत्रा. तो कुठेतरी फुटला होता, म्हणून पाणी बाहेर न सांडता इंजिनच ते पिऊन वाफ करून मागून सोडत होतं. हेड उघडायचं, नागपूरहून नवं गॅस्केट आणायचं, एवढाच त्याला इलाज होता, आणि परीक्षा तोंडावर आली होती. एकदा उघडलेली मोटर सामान येईपर्यंत अंगणात पडून राहिली असती.

त्याच संध्याकाळी मामा आला. मायचा धाकटा भाऊ, शेतकरी माणूस, बोलायला मिस्कील. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ तोड काढली. त्याची दमणी होती, बैल जवान होते. चार दिवस आधी निघायचं, वाटेत मुक्काम करत पोरीला चांद्यात नेऊन सोडायचं. मला तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं. भाऊंचा चेहरा मात्र उतरला.

"मोटरवाल्याची पोरगी दमणीत बसून परीक्षेले जाईन? लोक काय म्हनतीन?"

"लोक काई नाई म्हनत भाऊजी," मामा म्हणाला. "बैलाले गॅस्केट नसते, येवढंच म्हनतीन."

आम्ही हसलो. भाऊ हसले नाहीत. आता वाटतं, हसायला नको होतं. त्या हसण्यानं दमणीचा विषय संपला. मामा आणखी दोनदा बोलून बघून निघून गेला आणि मायनं, जी एरवी भाऊंना भाजीतल्या मिठावरून ऐकवायची, त्या बाबतीत तोंड उघडलं नाही. पुरुषाच्या धंद्यात बोलायचं नाही हा तिचा नियम. माझं आयुष्य तिला भाऊंच्या धंद्यात मोडतं असं वाटलं असेल.

भाऊंचा इलाज हळदीचा होता. त्या रस्त्यावरच्या सगळ्याच मोटरवाल्यांचा तो इलाज होता; रेडिएटर पाझरू लागला की मूठभर हळद आत टाकायची, ती पाण्याबरोबर फिरते, फुगते, आणि भोकात जाऊन बसते. बारीक भोकाला ती लागूही पडते, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण हे भोक रेडिएटरचं नव्हतं आणि ते भाऊंना ठाऊक होतं. त्यांनीच तर मला शिकवलं होतं. तरी ते स्वयंपाकघरात आले आणि वर्षाच्या हळदीचा डबा मागू लागले. माय म्हणाली, "घरची हळद मोटरीले घालता, मंग पोरीच्या लग्नात काय राख लावू का?" आणि डबा दिला. मूठभरावर भाऊंचं समाधान झालं नाही. त्यांनी ओंजळीनं हळद घातली. गडचिरोलीपर्यंत जाऊन आले. पाणी गडवाभरच उणं झालं होतं. भाऊंनी मला हाक मारून दाखवलं आणि मी, बुडबुडे स्वतः पाहिलेली मी, त्या गडव्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. मायनं हातावर दही दिलं. मी निळ्या काठाची पांढरी साडी नेसले होते, ती याच दिवसासाठी आणलेली. भाऊंनी मला आपल्या शेजारी पुढे बसवलं. मागे उतारू दाटले होते आणि त्यातल्या प्रत्येकाला भाऊंनी आपण होऊन सांगितलं होतं की पोरगी मॅट्रिकला चालली. रस्त्याच्या कडेला मोहफुलं पडत होती, बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या, आणि तो गोड, जड वास मोटरीत भरला होता. गडचिरोली मागे पडलं, आणि वैनगंगा आली. नदीवर तेव्हा पूल नव्हता. पाणी उतरलं की रेतीवर बांबूचे तट्टे अंथरून वाट करत, आणि तिच्यावरून मोटरी पहिल्या गियरमध्ये रडत रडत पार होत.

अर्ध्या रेतीत बॉनेटच्या फटीतून पहिली वाफ आली. भाऊंनी ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं. मग झाकण उडालं. पिवळाजर्द फेस उसळून काचेवर आला, वरून निम्मा निवून माझ्या अंगावर आला. साडीवर, केसांवर, मांडीवरच्या भूगोलाच्या पुस्तकावर. उकळलेल्या हळदीचा वास सगळीकडे झाला. मागून एक म्हातारी उतरली, माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरीले इथीच हळद लागली बापा," आणि सगळे उतारू हसले. वाईट मनानं नाही. आमच्याकडे कुणाचं अडलं की आधी हसतात, मग खांदा लावतात. त्यांनी खांदाही लावला, पण रेतीत चाकं रुतत गेली.

हळदीनं रेडिएटरच्या बारीक नळ्याच बुजवून टाकल्या होत्या. पाणी फिरायलाच जागा नव्हती. तापलेलं इंजिन निवेपर्यंत वाट बघायची, हा त्या धंद्यातला पहिला धडा. घाई करून गार पाणी ओतलं की तापलेलं लोखंड तडकतं. भाऊंनी मला तो मी घागर उचलायला शिकले तेव्हाच सांगितला होता. पण ऊन चढत होतं. ते नदीच्या धारेकडे धावत गेले, डबा भरून आणला. मी म्हटलं, "भाऊ, निवू द्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका भ्यालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. "तुही परीक्षा आहे ना वो," ते म्हणाले, आणि ओतलं. आत टक् असा एक आवाज झाला, लहानसाच. उतारूंना तो काहीच वाटला नसेल. आम्हा दोघांना कळलं.

मग जे झालं ते नुसतं वाट बघणं होतं. उतारू आपापली गाठोडी घेऊन चालत गेले. दुसरी मोटर त्या दिवशी आली नाही. दुपार कलल्यावर बैलजोडी मिळाली आणि मोटर पलीकडच्या काठाला ओढून काढली. मी धारेत साडी धुतली, डाग गेला नाही. मुक्काम व्याहाडला एका घराच्या ओसरीवर केला. मायची शिदोरी दोघांनीही सोडली नाही. सकाळी बांबूचा एक ट्रक चांद्याकडे निघाला होता, त्यानं मला पुढे घेतलं आणि भाऊ मागे बांबूंवर बसले. तो ट्रक नाक्यानाक्यावर थांबत होता. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही, देवानंही ते मनावर घेतलं नाही.

शाळेच्या फाटकातून आम्ही आत गेलो तेव्हा पोरं पेपर देऊन बाहेर पडत होती. भाऊ आत जाऊन हात जोडून आले. त्यांना सांगितलं गेलं की एक पेपर बुडाला म्हणजे परीक्षा बुडाली, पुढल्या वर्षी या. मी पायरीवर बसले होते. एका अनोळखी मुलीनं माझ्या साडीकडे पाहिलं, काय झालं ते विचारलं आणि आपली प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. मी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मला येत नव्हता असा एकही प्रश्न तीत नव्हता. भाऊ समोर उभे होते आणि मी काही बोलावं म्हणून वाट पाहत होते. मी प्रश्नपत्रिकेची घडी घालून त्या मुलीला परत दिली. तिच्याइतका हेवा मी पुढे कुणाचा केला नाही.

घरी कुणी पुढल्या वर्षाचं नाव काढलं नाही. तोडगा एकदाचाच होता आणि मायनं वरोऱ्याला निरोप धाडला. भाऊ म्हणाले असते तर ती थांबली असती असं मला वाटतं, पण भाऊ त्या दिवसांत बोलतच नव्हते. ते मोटरीत होते. नागपूरहून दुसरं, वापरलेलं हेड आणि नवं गॅस्केट आणलं, रेडिएटर खोलून सळईनं एकेक नळी खरवडली; पिवळा गाळ निघतच राहिला. जुनं गॅस्केट त्यांनी मला दाखवलं. दोन भोकांच्या मधे मसुराच्या डाळीएवढा तुकडा जळून गेला होता. "येवढंच होतं," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला, आणि दोन्ही अजून तसेच आहेत. पन्नास वर्षांनी माणूस क्षमा करतो म्हणतात. मी वाट बघते आहे.

वैशाखात मला हळद लागली. बाया गाणी म्हणत होत्या, गालाला, दंडाला ओली हळद चोळत होत्या, आणि माझ्या नाकात रेतीतला तो वास गच्च बसला होता. मला उमासा आला. पोरीला ऊन लागलं म्हणून कुणीतरी कांदा हुंगवला. दुसऱ्या दिवशी पाठवणी झाली. वरोऱ्याला न्यायला भाऊंनी आपलीच मोटर काढली, तिला आंब्याची पानं बांधली. मला नवऱ्यामुलाबरोबर पुढेच बसवलं.

मोटर वैनगंगेच्या तट्ट्यांवर चढली तशी मी बॉनेटच्या फटीवर डोळे लावून बसले. शालूच्या पदराआड मी मोटरीला विनवत होते. इथेच थांबली होतीस, आज थांब. थोडी वाफ सोड. थोडीशी. ती रेतीतून अशी पार झाली की वऱ्हाडी वाहवा म्हणाले. सावली गाव गेलं, मूल गेलं, जंगल गेलं. चांद्यात ती शाळा उजव्या हाताला दिसली आणि मागे गेली. मोटर कुठेही कण्हली नाही.

वरोऱ्याला सासरच्या दारात सगळे उतरले, वाजंत्री सुरू झाली. भाऊ तेवढ्यात पुढे गेले, इंजिन निवेपर्यंत हात बांधून उभे राहिले, मग फडक्यानं झाकण उघडून आत बोट बुडवलं. पाणी काठोकाठ होतं. त्यांनी ते ओलं बोट वर करून मला दाखवलं. चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी हसू आलं होतं.

"पाह्य वच्छे," ते म्हणाले, "एक थेंब नाई गेला."